सुलूआत्याच्या जागी प्लायवूड

माझी आतेसासू सुलूआत्या बावीस वर्षं आमच्या होडीचा कणा होती, आणि या मे महिन्यात तिला बाहेर काढावं लागलं.

यात लपवण्यासारखं काही नाही. फायबरची होडी म्हणजे आतून एक साल, बाहेरून एक साल, आणि मधे तळाच्या लांबीनं काहीतरी ताठ घालावं लागतं. नुसतं फायबर लाटेवर लपलपतं. आमच्या आडवणे बंदरात त्या मधल्या जागेत घरातली बाई घालतात. बंदरात एकतीस होड्या आहेत आणि एकतीस बायका. पुरुष घातला तर होडी एका अंगाला कलते म्हणतात. असं म्हणणारे सगळे पुरुषच आहेत, पण ते राहू दे.

सासऱ्यांनी ही होडी, वाघजाई, बांधून घेतली तेव्हा आत्या छत्तीस वर्षांची होती. नवरा गेल्यावर माहेरी आलेली. चार माणसांचं काम एकटी ओढायची, तरी तिच्याबद्दल बोलायचे ते "घरात नुसती बसून असते" असंच. सासऱ्यांनी बंदर कचेरीतून नमुना अकरा आणला, रकाना सातमध्ये तिचं नाव घातलं, नात्यात 'बहीण' लिहिलं आणि गणपतीच्या आधी तिच्यावर फायबर चढवून मोकळे झाले. मी या घरात आले ती त्यानंतर चार वर्षांनी. आत्याचा चेहरा मी फक्त फोटोत पाहिला होता. दिवाळीला तिच्या नावाचं फराळाचं ताट पुरुषमाणसांबरोबर होडीवर पाठवायचो. संध्याकाळी ते तसंच परत यायचं आणि मग आम्हीच खायचो.

सासरे गेल्यावर होडी तिघा भावांकडे आली. थोरले रमाकांत भावोजी, मधला माझा नवरा विलास आणि धाकटा गजानन. भावोजींची बायको वारलेली, मुलं पुण्याला. गजाननचं लग्नच झालेलं नव्हतं. म्हणजे घरात बाई मी एकटी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळ्यांचे डोळे माझ्याकडेच वळणार आहेत.

एप्रिलमध्ये वाघजाई मऊ लागायला लागली. इंजिनाच्या पुढे पाय ठेवला की डेक दबायचा आणि लाटेवर होडी मधोमध वाकायची. शेवटी भावोजींनी ती वर ओढली, ताडपत्रीखाली ठेवली आणि हुसेन सोलकर मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री तीस वर्षं फायबरचं काम करतात, कमी बोलतात. त्यांनी हातोडीच्या दांड्यानं डेक वाजवत नेला. पुढे टण् टण् वाजत होतं. इंजिनाजवळ आले आणि भद्द वाजलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा भद्द.

"कण्यात पाणी गेलंय," ते म्हणाले. "उघडायला लागेल."

नऊ मेला त्यांनी कटर लावला. दुपारपर्यंत वरचं साल निघालं आणि आत आत्या दिसली. पालथी, हात अंगाशी धरलेले. मी घरातून लुगडं आणि चादर घेऊन धावले. मिस्त्रींनी सगळ्यांना तोंड फिरवायला लावलं, आम्ही तिला उचलून बाहेर घेतलं आणि फळीवर ठेवलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण हाताला वजनच लागलं नाही. तिनं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलली.

"पाणी येतंय रे. नऊ वर्षं सांगत्येय, वरून पाणी येतंय."

मी तिची पाठ पुसायला घेतली आणि माझा हात थांबला. पाठीवर एका ओळीत नऊ भोकं होती. कडा काळ्या पडलेल्या, आजूबाजूची कातडी भिजून पांढरी झालेली. मिस्त्रींनी त्यातला एक गंजका तुकडा चिमट्यानं काढून उन्हात धरला. दोन इंची स्क्रू होता.

कुठले स्क्रू हे कुणी सांगायला नको होतं. दरवर्षी दसऱ्याला होडीची पूजा होते. सासरे गेल्यापासून भावोजी इंजिनाच्या पुढे देवाची चौकट स्क्रूनं बसवून तिला झेंडूचं तोरण लावतात. वर्षभर खाऱ्या हवेत स्क्रू गंजतो, भोक सैल होतं, मग पुढच्या दसऱ्याला बाजूला नवीन भोक. नऊ दसरे, नऊ स्क्रू. भोकाच्या कडेनं सिलिकॉन भरायचं असतं हे बंदरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण पूजेचा स्क्रू, त्याला कसलं सिलिकॉन! देवाच्या कामात रसायन नको, असं भावोजींचं म्हणणं. आणि हे सगळे स्क्रू हातात घेऊन धक्क्यावर कोण उभं असायचं? मी. सोवळ्याच्या साडीत, तबकात हळदकुंकू आणि स्क्रू घेऊन. एकेक करून मीच पुढे केले. त्या दिवशी मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

भावोजी पाठ बघायला आले. वाकले, बघितली, सरळ झाले.

"म्हणजे एक ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली की होडी पाण्यात जाणार की नाही?" त्यांनी मिस्त्रींना विचारलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कशी आहेस, नाही. दुखतंय का, नाही. बावीस वर्षांनी बाई बाहेर आली, तिला पाणी विचारायचं सोडून हा माणूस तारीख विचारतोय. मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्यानंच माझा पदर धरला. "राहू दे गो," म्हणाली, "तो लहानपणापासून तसाच आहे."

तिला घरी आणलं. तिला बसता येत नव्हतं, पाठ वाकतच नव्हती. उभी राहू शकायची किंवा आडवी. जेवण उभ्यानंच करायची, खिडकीच्या कट्ट्यावर ताट ठेवून. पहिल्या दिवशी तिनं तीन वेळा भात घेतला आणि दर वेळी माझ्याकडे बघून विचारलं, "आहे ना गो तुमच्यापुरता?"

चार दिवसांनी भावांची बैठक बसली. आत्या भिंतीला टेकून उभी होती, तिच्यासमोरच बोलणं चाललं होतं.

"मी विचार केलाय," भावोजी म्हणाले. "मे महिन्याचं ऊन कडक आहे. आत्याला गच्चीवर पंधरा दिवस चांगली वाळवू. भोकांत मिस्त्री रेझिन भरतील. जूनमध्ये परत आत. अजून दहा वर्षं कुठे गेली नाहीत."

मिस्त्री दारात उभे होते. "तसं होत नाही, रमाकांतशेठ," ते म्हणाले. "आत एकदा पाणी मुरलं की वरून कितीही रेझिन भरा, आतला भाग कुजतच जातो. होडी एखाद्या दिवशी दर्यात मोडेल. आणि यांचं काय होईल ते मी बोलत नाही."

"आत्याला विचारा ना," गजानन म्हणाला.

विचारलं. आत्या भिंतीपासून सरळ झाली. मग म्हणाली, "तुमचं अडत असेल तर जाईन मी. पण मला नाही जायचं."

एवढं स्पष्ट बोलणं आमच्या घरात कुणी बाईनं आजवर बोललेलं नव्हतं. भावोजींनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. "झालं तर मग," ते उठत म्हणाले.

"काय झालं?" मी म्हटलं. "भावोजी, तिनं नाही म्हटलंय. कान आहेत की मासे विकताना तेही विकलेत?"

विलासनं माझ्याकडे डोळे वटारले. भावोजी शांतपणे परत बसले. "दर्शना, तुला एवढा पुळका आहे ना, मग तू जा. एक्केचाळीस म्हणजे काही वय नाही. पाठ चांगली आहे तुझी, घरातली आहेस, रकान्यात 'भावजय' लिहू. दहा जुलैच्या आत कागद द्यायचाय. आत्या नाहीतर तू. तुम्ही दोघी ठरवा, मला दोन्ही चालेल."

मी विलासकडे बघितलं. अठरा वर्षं त्याच्या ताटात गरम भाकरी वाढली मी. तो कॅलेंडरकडे बघत होता. मेल्यानं जून महिना अख्खा वाचून काढला पण तोंडातून शब्द काढला नाही. त्या रागावर मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही, आणि त्याला ते चौथ्या दिवशी कळलं.

पाचव्या दिवशी मी ताडपत्रीखाली गेले. मिस्त्री आतली घाण खरवडत होते.

"मिस्त्री, बाई सोडून दुसरं काहीच चालत नाही का हो?"

त्यांनी हत्यार खाली ठेवलं. "चालतं," ते म्हणाले. "मी गुजरातेत दोन वर्षं काम केलंय. तिकडे प्लायवूड घालतात. मरीन प्लाय. दोन जाड शीट रेझिननं एकमेकींना चिकटवायची, मापानं कापायची, वरून फायबरची मॅट आणि रेझिनचे थर. आत पाणी जाऊ दिलं नाही तर वीस वर्षं हालत नाही."

"मग हे तुम्ही आजपर्यंत बोलला का नाहीत?"

"बोललो होतो. तुमच्या सासऱ्यांनाच बोललो होतो. ते म्हणाले, लाकूड बाहेरून आणायचं, घरात बाई आहे की."

मी तिथल्या तिथे कपाळावर हात मारला. मग घरी जाऊन साडी बदलली आणि बंदर कचेरी गाठली.

तिथले कारकून धामणस्कर म्हणजे अत्यंत सरळ माणूस. कुणाचा चहा घेत नाहीत आणि कुणाचा रकाना रिकामा सोडत नाहीत. त्यांनी नमुना अकरा माझ्यासमोर पसरला.

"रकाना सात. कण्याचं पूर्ण नाव, वय आणि मालकाशी नातं."

"प्लायवूड," मी म्हटलं.

"हे नाव की आडनाव?"

"लाकूड आहे ते. पातळ थर चिकटवून केलेलं."

"बरं. मालकाशी नातं?"

"लाकडाचं काय नातं असणार, साहेब?"

"मग बसत नाही." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "बाई, मी अडवत नाहीये. कणा लाकडाचा नको असं कुठंही लिहिलेलं नाही. कणा घरचा हवा, एवढंच लिहिलंय. घरचं माणूस तीन प्रकारे होतं. जन्मानं, दत्तक घेऊन किंवा लग्नानं. यातलं एक काहीतरी दाखवा, मी लगेच शिक्का मारतो."

"लाकडाशी कोण लग्न करतं?"

"रुईच्या झाडाशी करतात की," धामणस्कर गंभीरपणे म्हणाले. "माझ्या चुलत्यांनी केलंय, तिसऱ्या लग्नाआधी. रीतसर पत्रिका काढल्या होत्या. आमरस होता."

मी मिस्त्रींना बरोबर घेऊन घरी आले ती थेट गजाननकडे. गजानन एकोणचाळीस वर्षांचा. स्वभावानं गरीब, पण होडीवर जाणाऱ्याला हल्ली मुलगी कोण देतं? अकरा ठिकाणी फोटो पाठवून झाले होते, अकरा ठिकाणांहून पत्रिका जुळत नाही असा निरोप आला होता. मी त्याला सगळं सरळ सांगितलं. आत्या आत जाणार नाही, मी आत जाणार नाही, तिसरी बाई घरात आणायची तर ती प्लायवूड आहे. वाटलं होतं, चिडेल, निघून जाईल.

त्यानं खूप वेळ विचार केला. "दिसायला कशी आहे?" त्यानं विचारलं.

"कडा सरळ आहेत," मिस्त्री म्हणाले. "एकही गाठ नाही. वास चांगला आहे."

"ठीक आहे," गजानन म्हणाला.

भावोजी अडून बसतील म्हणून मी कंबर कसूनच होते. बसलेही. "लाकडाला घराची ओढ असते का?" म्हणाले. "वादळात बाई जीव तोडून धरून ठेवते. लाकूड का धरेल?" पण लग्नाचा विषय निघाला आणि त्यांचा चेहराच बदलला. घरातलं शेवटचं कार्य, धाकट्याच्या डोक्यावर अक्षता पडणार, पाहुणे येणार. दुसऱ्या दिवशी ते स्वतः मांडवाचे बांबू सांगून आले. आत्याच्या पाठीसाठी जो माणूस तसूभर हलला नाही, तो बँडवाल्यासाठी तालुक्याला दोनदा जाऊन आला. मला आनंद व्हायला हवा होता. मी मागच्या दारी जाऊन दोन हंडे उगाचच आपटून घासले.

लग्न सहा जूनला झालं. मिस्त्रींनी दोन शीट चिकटवून, मापानं कापून, कडा तासून नवरी आणली होती. सहा फूट दोन इंच. आम्ही तिला पिवळी साडी गुंडाळली, वरच्या कडेला मुंडावळ्या बांधल्या. भटजींनी गोत्र विचारलं. ते कुणालाच माहीत नव्हतं, तेव्हा काश्यप धरलं, तसं धरतातच. ग्रामसेवकांनी वयाचा दाखला मागितला. दुकानदारानं 'अठरा पूर्ण' असं जाडीबद्दल लिहून दिलं होतं, ते त्यांनी ग्राह्य धरलं. अंतरपाटाच्या अलीकडे गजानन, पलीकडे प्लाय, तिला दोन्ही बाजूंनी धरून मी आणि मिस्त्री. तांदळाच्या ताटात गजानननं अंगठीनं नाव लिहिलं, मनाली.

वाडीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. त्या जेवल्या, आणि मग एकेक करून नवरीजवळ आल्या. कुणी ओटी भरली. बहुतेकींनी नुसता हात फिरवून पाहिला, बोटानं वाजवून पाहिला. समोरच्या आळीतली सुगंधा हळूच मिस्त्रींना म्हणाली, "हे कुठल्या दुकानात मिळतं म्हणालात?" तिची सासू त्यांच्या होडीत आहे, आणि तिच्या नवऱ्यानं परवाच इंजिनाजवळ पाय दाबून बघितला होता.

दहा जुलैच्या आठ दिवस आधीच मी धामणस्करांच्या टेबलावर लग्नाचा दाखला ठेवला. त्यांनी रकाना सातमध्ये लिहिलं, 'सौ. मनाली गजानन भाटकर, वय अठरा, भावजय.' शिक्का मारला. आत्याचं नाव जुन्या कागदावरून आडवी रेघ मारून कमी केलं. मी तो कागद पुन्हापुन्हा वाचला आणि मगच घरी आले. आत्याला सांगितलं. ती खिडकीपाशी उभी होती. "नक्की ना गो?" तिनं विचारलं. मग पुन्हा एकदा विचारलं, "नक्की?"

मनाली आत बसली. खाली रेझिनचा थर, तिच्यावर मॅट, पुन्हा रेझिन, पुन्हा मॅट. बाहेर पाऊस कोसळत होता म्हणून मिस्त्रींनी ताडपत्रीत दोन बल्ब लावून हवा कोरडी ठेवली होती. आणि इथे मी जे बघितलं त्यानं माझं डोकं फिरलं.

रमाकांत भावोजी रोज सकाळी छत्री घेऊन यायचे आणि ताडपत्री कुठे ठिबकते का ते बघायचे. ठिबकली तर स्वतः वर चढून बांधायचे. साल बंद झाल्यावर डेकवर जिथं जिथं भोक होतं, जिथं खिळा होता, तिथं त्यांनी स्वतःच्या हातानं सिलिकॉन भरलं. चांगल्या तीन नळ्या आणल्या होत्या, महागातल्या. देवाची चौकट त्यांनी दोरीनं बांधली. एका खलाशानं सवयीनं ड्रिल काढलं, तर त्याच्या हातावर फटका मारला.

"स्क्रू नाही मारायचा!" ते ओरडले. "आत प्लाय आहे. पाणी गेलं तर कुजेल."

आत्या माझ्याबरोबर तिथेच उभी होती. तिनं ती नळी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली.

"हे काय असतं गो?"

"सिलिकॉन," मी म्हटलं. "भोकात भरतात. पाणी आत जात नाही."

"हे आधी नव्हतं मिळत?"

मी भावोजींकडे वळले. "उत्तर द्या. ती विचारत्येय. आधी मिळत होतं की नाही?"

"मिळत होतं," भावोजी म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं मी का ओरडतेय. "पण दर्शना, हे लाकूड आहे. लाकडाला जपावं लागतं. माणूस काय, सोसतं."

मी आत्याच्या हातातली नळी घेतली आणि खाडीत भिरकावली. मग दुसरी, मग तिसरी. "सोसतं? तुमच्या पाठीत मारते एक स्क्रू, मग बघू किती सोसतं ते! लाज नाही वाटत? जिवंत बाईच्या पाठीत देव टांगलात मेल्यांनो!" सगळी वाडी गोळा झाली. विलास "अगं, अगं" करत माझ्या मागे फिरत होता. भावोजी नळ्या गेल्या म्हणून हळहळत होते. आत्या मात्र खाडीकडे बघत उभी राहिली, जिथं नळ्या बुडाल्या तिकडे.

एक ऑगस्टला वाघजाई पाण्यात उतरली. होडी तोलात तरंगली, कुठे वाकली नाही, मिस्त्रींनी दांडा वाजवला तर टोकापासून टोकापर्यंत टण् वाजलं. धामणस्कर छत्री धरून शेवटचे रकाने भरायला आले होते. नारळ झाला, गुलाल झाला. आणि आत्या धक्क्यावरून म्हणाली, "मला घेऊन चला एकदा. मला आपलं गाव पाण्यातून बघायचंय."



"आत्या, काहीतरीच काय," भावोजी म्हणाले. "बाईमाणसानं होडीवर पाय ठेवायचा नसतो. होडीला विटाळ होतो."

मला पहिल्यांदा वाटलं, ते थट्टा करतायत. "भावोजी, बावीस वर्षं होडीत होती ती!"

"आत होती. वर नव्हती."

"होडीचं नाव देवीचं. आत गजाननची लग्नाची बायको. त्याआधी ही. खालून वरपर्यंत सगळ्या बायकाच आहेत, आणि विटाळ कशाचा? हिच्या पायाचा?"

"रीत आहे," भावोजी म्हणाले. "रीत मी केलेली नाही."

मी धामणस्करांकडे वळले. "साहेब, असा नियम आहे?"

धामणस्करांनी नमुना अकरा उघडला, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवलं. "पायाबद्दल काही नाही," ते म्हणाले. "पण बरं झालं विचारलंत, रकाना बारा राहिलाय. तांडेलाचं नाव. घरातल्यांपैकी ज्याचा दर्यावरचा अनुभव सर्वांत जास्त, तो तांडेल. रमाकांत, तुमची किती वर्षं?"

"एकोणीस," भावोजी छाती काढून म्हणाले.

"पावसाळे सोडून?"

"पावसाळ्यात कोण जातं?"

"म्हणजे वर्षाला दहा महिने." धामणस्करांनी कागदाच्या कडेला हिशोब मांडला. मग आत्याकडे बघितलं. "तुमची, बाई?"

"बावीस," आत्या म्हणाली. "मी कधी उतरलेच नाही."

"पूर्ण बावीस. पावसाळे धरून." त्यांनी लिहिलं, वाळवलं, शिक्का मारला आणि कागद भावोजींच्या हातात दिला. "तांडेल, श्रीमती सुलोचना भाटकर. आता होडीवर कोण येणार आणि कोण नाही हे त्या ठरवतील. मला सही कुठे ते दाखवायचंय त्यांना."

आत्यानं सही केली. बावीस वर्षांनी पेन धरलं होतं, अक्षर वाकडं आलं. मग ती फळीवरून होडीवर गेली. कुणी हात दिला नाही, तिनं मागितलाही नाही. पाठोपाठ मी गेले. गजानन आधीच इंजिनाजवळ होता. "माझी बायको आत आहे," तो भावाला म्हणाला, "मी जाणार." मिस्त्री पण चढले, गळतं का बघायला.

"मी बाईच्या हाताखाली होडीवर येणार नाही!" भावोजी ओरडले.

"नको येऊ," आत्या म्हणाली.

विलास एक पाय फळीवर ठेवून भावाकडे बघत होता आणि माझ्याकडे बघत होता. त्याचं ठरेपर्यंत गजानननं दोर सोडला.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, तिथं दरवर्षी कुणीतरी अडकतं. आत्यानं डोळे मिटले. "उजवीकडे घे," म्हणाली. "अजून. आता सरळ. इथे एक खडक आहे, मला नेहमी इथं लागायचं." गजानननं घेतलं तसं. आम्ही दांड्याच्या बाहेर पडलो आणि लाटा लांब झाल्या. वाघजाई एकदाही वाकली नाही.

मग आत्या मागे वळली. मान वळत नव्हती तिची, अख्खी वळली. गाव दिसत होतं. देवळाचा कळस, माडांची रांग, शाळेचं निळं पत्र्याचं छप्पर, आमच्या घराची खिडकी. आडवणेतल्या कुठल्याही बाईनं ते तिकडून बघितलेलं नव्हतं. मीही नाही. धक्क्यावर माणसं उभी होती, एक जण हातवारे करत होता.

"तो कोण गो?" आत्यानं विचारलं.

"रमाकांत भावोजी."

"आणि तो बाजूचा?"

"विलास."

ती बघत राहिली. तिच्या जबड्यावरची शीर ताठ झाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी तिला चिडलेली पाहिली.

"एवढेसे दिसतात होय हे," आत्या म्हणाली. "बावीस वर्षं मला वाटत होतं, वर केवढी माणसं आहेत."

गजानननं विचारलं, परत फिरायचं का. आत्या नाही म्हणाली. आम्ही पुढे गेलो.